गारठ्यात गाडीला कोणतं ऑइल टाकावं

दिवाळी सरली, पहाटेचा गारठा वाढला की गॅरेजवर एक मागणी सुरू होते: "मिस्त्री, थंडीचं ऑइल टाका बरं." मिस्त्रीही गिऱ्हाईक मोडत नाही. फळीवरची एखादी बाटली काढतो आणि ओततो. खरं सांगायचं तर मराठवाड्यातल्या थंडीसाठी वेगळं ऑइल लागत नाही. लागतं ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं. आपल्याकडे पहाटे किक मारून मारून पाय दुखतो त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक तर उन्हाळ्यात कुणीतरी गरजेपेक्षा जाड ऑइल टाकलेलं असतं आणि ते तसंच पुढे चाललेलं असतं, नाहीतर दोष भलतीकडेच असतो आणि शिव्या ऑइलला बसतात.

आधी आपली थंडी किती ते पाहू. उत्तरेकडून कोरडं वारं सुटलं की डिसेंबर-जानेवारीत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड भागात पहाटेचं तापमान आठ-दहा अंशांपर्यंत येतं. परभणी त्याहून गार. तिथं अधूनमधून पारा पाच-सहापर्यंत, एखाद्या वर्षी त्याखालीही उतरतो. आणि त्याच दिवशी दुपारी एक वाजता सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात. म्हणजे थंडीतही आपलं इंजिन दिवसातून एकदा गारठतं आणि एकदा चांगलं तापतं. मे महिन्यात हाच भाग बेचाळीस-त्रेचाळीसला पोचतो. ऑइलने हे सगळं सांभाळायचं असतं.

बाटलीवर १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असं लिहिलेलं असतं. ही एसएई या अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेने ठरवलेली ग्रेड. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत कसं वागतं ते सांगतो. तो जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. शेवटचा आकडा तापलेल्या इंजिनातला, १०० अंशांवर मोजलेल्या दाटपणाचा. तो जितका मोठा तितकी तापल्यावर ऑइलची साय, म्हणजे धातूवरचा थर, जाड. डावीकडचा आकडा म्हणजे तापमान नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. २०डब्ल्यू म्हणजे वीस अंशांपर्यंत चालणारं ऑइल, असं काहीजण छातीठोक सांगतात. तसं अजिबात नाही. २०डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांवर होते आणि पंपाने ते उचललं जातं का याची उणे २० वर. १५डब्ल्यूच्या याच चाचण्या उणे २० आणि उणे २५ वर, १०डब्ल्यूच्या उणे २५ आणि उणे ३० वर. परभणीचा सगळ्यात वाईट दिवस धरला तरी २०डब्ल्यू ऑइलच्या चाचणीपेक्षा तो पंधरा-वीस अंशांनी उबदार असतो. ऑइल गोठलं, पंपाने उचललंच नाही, असा प्रकार मराठवाड्यात घडत नाही.

मग गाडी जड का वाटते? कारण न गोठताही ऑइल दाट होतं, आणि कोणतं किती दाट होतं यात फार फरक आहे. साधारण मिनरल १०डब्ल्यू-३० ऑइलचा दाटपणा ४० अंशांवर सत्तर सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) आसपास असतो आणि १०० अंशांवर दहा-अकरा. २०डब्ल्यू-५० चा ४० अंशांवर एकशेसाठ-सत्तर, १०० वर अठरा-एकोणीस. आता हेच हिशेबाने १० अंशांवर न्या. १०डब्ल्यू-३० साडेतीनशेच्या घरात येतं आणि २०डब्ल्यू-५० हजार-अकराशेच्या. तापलेल्या इंजिनात दोघांत दुपटीपेक्षा कमी फरक, पहाटे तिप्पट. १०० सीसीच्या इंजिनाला हा भार चांगलाच जाणवतो. किक दबत नाही, सेल्फ मारला की 'घूंऽऽ' करत मोटर अडखळते, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या वरच्या कॅम-रॉकरपर्यंत ऑइल पोचायला थोडा जास्त वेळ लागतो आणि तोवर हेडमधून कोरडी टपटप ऐकू येते.

पहाटेचा आणखी एक त्रास ऑइलचाच असतो. क्लच दाबून पहिला गिअर टाकला की गाडी 'खट्ट' करून पुढे उडी मारते, कधी बंदच पडते. मोटारसायकलचा क्लच ऑइलात बुडालेला असतो. दाट झालेलं ऑइल प्लेटांच्या मध्ये चिकटून राहतं, त्यामुळे क्लच दाबला तरी प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. क्लच केबल ओढून घेऊन हा आवाज जात नाही. उलट केबल जास्त ओढली की गरम झाल्यावर क्लच घसरायला लागतो. गाडी चालू करण्याआधी चावी बंद ठेवून क्लच दाबावा, गिअरमध्ये टाकून गाडी हातभर पुढे-मागे ढकलावी, प्लेटा सुटतात.

कुठल्या गाडीला काय, याचा थोडक्यात अंदाज देतो. हिरोच्या स्प्लेंडर, एचएफ डिलक्स या गाड्यांना १०डब्ल्यू-३०. होंडा शाईनलाही तेच. बजाज पल्सर १५० च्या बऱ्याच मॉडेलांना २०डब्ल्यू-५०. रॉयल एनफिल्डच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) इंजिनाच्या क्लासिकला आणि नंतरच्या मीटिअर, नव्या क्लासिकला १५डब्ल्यू-५०. मॉडेल बदललं की ग्रेडही बदलू शकते, म्हणून शेवटचा शब्द पुस्तकाचा. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष टाकून उतरवून घेता येतं.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो एप्रिलमध्ये. ऊन तापलं की "जाड टाका, इंजिन गरम होतंय" म्हणून स्प्लेंडरमध्ये २०डब्ल्यू-५० जातं. जाड ऑइल म्हणजे दणकट ऑइल ही समजूत इतकी पक्की आहे की १०डब्ल्यू-३० ची बाटली पाहून लोक म्हणतात, "हे तर पाण्यासारखं आहे." पण स्प्लेंडरच्या बेअरिंगमधल्या फटी, ऑइल पंप, ऑइलच्या नळ्या सगळं पातळ ऑइल धरून बनवलेलं असतं. जाड ऑइलने इंजिन गार राहत नाही. ढवळण्यातच ताकद जाते, अॅव्हरेज पडतं. आणि हेच ऑइल डिसेंबरपर्यंत आत राहिलं की पहाटेचा तमाशा सुरू. अशा गाडीला 'थंडीचं ऑइल' म्हणून १०डब्ल्यू-३० टाकलं की ती एका किकेत सुरू होते आणि मिस्त्रीचं नाव होतं. प्रत्यक्षात गाडीला तिचंच ऑइल परत मिळालेलं असतं.

पुस्तकातच जाड ग्रेड सांगितली असेल आणि थंडीत खरंच त्रास होत असेल, तर एक साधा नियम वापरा: उजवीकडचा आकडा तोच ठेवायचा, डावीकडचा कमी करायचा. २०डब्ल्यू-५० च्या जागी १५डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-५०, २०डब्ल्यू-४० च्या जागी १०डब्ल्यू-४०. तापल्यावर साय तितकीच जाड राहते, पहाटे फक्त पातळ. उजवीकडचा आकडा मात्र थंडीच्या नावाखाली कमी करू नका. पल्सरमध्ये १०डब्ल्यू-३० ओतलं तर पहाटे छान वाटेल, पण दुपारी दोघं बसून पन्नास किलोमीटर हायवे मारल्यावर ऑइल हवं त्यापेक्षा पातळ झालेलं असेल. शिवाय मोटारसायकलमध्ये गिअरही त्याच ऑइलात फिरतात. गिअरचे दात ऑइलातलं दाटपणा टिकवणारं रसायन चुरडत राहतात, म्हणून बाटलीतलं ४० काही हजार किलोमीटरांनंतर आतमध्ये ३० च्या जवळ आलेलं असू शकतं. मूळचंच पातळ टाकलं तर उरणार काय?

ग्रेड बरोबर, तरी ऑइल चुकीचं

ग्रेड जुळली म्हणजे काम संपलं असं नाही. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलंय का ते बघा. जासो ही जपानी वाहन मानकं ठरवणारी संस्था, आणि हे मानक ऑइलातल्या क्लचसाठी आहे. एमए आणि एमए२ ऑइलात क्लच प्लेटा नीट पकड घेतात, त्यात एमए२ ची पकड जास्त. एमबी ऑइल जास्त निसरडं असतं. ते स्कूटरसाठी, कारण अॅक्टिव्हासारख्या गाडीचा क्लच कोरडा, बेल्टच्या बाजूला असतो. काही कंपन्या मोटारसायकलच्या पुस्तकातही एमबी सांगतात. तिथं त्यांचं ऐकावं, कारण त्यांनी क्लच त्या ऑइलावर तपासलेला असतो. स्वतःच्या मनाने एमएच्या जागी एमबी टाकू नये.

कारचं ऑइल हा सगळ्यात मोठा सापळा, कारण कारसाठीही १०डब्ल्यू-३० मिळतं. आकडे तेच, वर एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) दर्जाही चढा: एसएन, एसपी. स्प्लेंडरच्या पुस्तकात एसजे पाहिलेल्या माणसाला वाटतं, आपण वरचं टाकतोय, चांगलंच आहे. एपीआयचा नवा दर्जा वाईट नसतोच. पण कारच्या पातळ ग्रेडच्या ऑइलात इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. एपीआयच्या गोल शिक्क्याच्या खालच्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असे शब्द दिसले तर ती बाटली मोटारसायकलसाठी नाही, इतकं सरळ. कारला ही रसायनं चालतात, कारण तिचा क्लच ऑइलबाहेर असतो. आपल्या गाडीत ती थेट प्लेटांवर बसतात.

क्लच घसरायला लागला हे ओळखायला सोपं आहे. टॉप गिअरमध्ये ताशी चाळीसला असताना एकदम एक्सलेटर पिळा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तशीच रेंगाळली, की प्लेटा घसरताहेत. कन्नडच्या औट्रम घाटात मागे माणूस बसवून चढताना हे लगेच कळतं. चुकीचं ऑइल जाऊन फार दिवस झाले नसतील तर ते काढून बरोबर ऑइल टाका, शे-दोनशे किलोमीटर चालवा, तेही काढून पुन्हा भरा. प्लेटा जळल्या नसतील तर पकड परत येते. जळक्या कागदासारखा वास येत असेल तर प्लेटा बदलण्याला पर्याय नाही.

दुसरा सापळा घरातच असतो, ट्रॅक्टरच्या शेजारी. शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरच्या ऑइलचा वीस लिटरचा ड्रम असतोच, आणि गाडीचं ऑइल कमी झालं की त्यातलंच अर्धा लिटर जातं. ते डिझेल इंजिनासाठी बनवलेलं असतं. काजळी धरून ठेवायची रसायनं त्यात वेगळ्या प्रमाणात असतात, आणि बाटलीवर जासोचा शिक्का नसेल तर क्लचचा भरवसा कुणी द्यायचा? रात्री-बेरात्री आडरानात पातळी बघायच्या काडीला ऑइलच लागत नसेल तर कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा ट्रॅक्टरचं ऑइल बरं, एवढंच. घरी पोचल्यावर काढून टाकायचं. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक किंवा गिअरबॉक्सचं ऑइल मात्र अडल्यावेळीही नको.

रात्रीची लाईट आणि दोन किलोमीटरची फेरी

थंडीत ऑइल खराब होण्याचं मराठवाड्यातलं खरं कारण गारठा नाही, छोट्या फेऱ्या आहेत. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं आणि शेतीची लाईट रात्रीची. अकराला गाडी काढायची, दोन किलोमीटरवर मोटर चालू करून यायचं. दोनला बारं बदलायला पुन्हा. पहाटे मोटर बंद करायला पुन्हा. प्रत्येक वेळी इंजिन गार असताना सुरू होतं आणि कोमट व्हायच्या आत बंद होतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं. पहाटे सायलेन्सरच्या टोकातून पाणी ठिबकतं आणि पांढरी वाफ दिसते ती हीच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा वास आला तर मात्र रिंगा किंवा व्हॉल्व्हचं सील बघा. या वाफेतली थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलात उतरते. सोबत न जळलेलं पेट्रोलही येतं, विशेषतः चोक ओढलेला असताना. इंजिन नीट तापलं तर दोन्ही उडून ब्रीदरच्या नळीने बाहेर जातात. तापलंच नाही तर आतच साचतात.

ऑइल भरायचं टोपण उघडून त्याची आतली बाजू बघा. तिथं दुधावरच्या सायीसारखा पिवळट-पांढरा थर दिसला तर हेच झालंय. थर फक्त टोपणालाच असेल आणि काडीवरचं ऑइल नेहमीच्या रंगाचं असेल, तर टोपण पुसा आणि त्या दिवशी गाडी वीसेक किलोमीटर सलग चालवून आणा. तालुक्याच्या बाजाराला जाऊन आलं तरी काम होतं. काडीवरचं ऑइलच चहासारखं दिसत असेल तर ते लगेच काढा. पाणी बरंच गेलंय. गाडी धुताना टोपण सैल राहिलं होतं का, किंवा ओढ्याच्या पाण्यातून नेली होती का, हेही आठवून बघा.

काडीचा वासही घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल तर "ऑइल वाढलं" म्हणून खूश होऊ नका. ऑइल कधी वाढत नसतं. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत असेल आणि पेट्रोलचा कॉक रात्रभर चालू राहिला असेल, तर पेट्रोल थेट इंजिनात उतरतं. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. आधी सुई बदला, मग ऑइल. फक्त ऑइल बदललं तर आठवड्यात पुन्हा तेच.

अशा फेऱ्यांच्या गाडीला पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नये. पुस्तकातला आकडा नेहमीच्या वापरासाठी असतो. रात्रीच्या फेऱ्या, उसाच्या ट्रॉल्यांनी उधळलेली काळ्या मातीची धूळ, मागे खताचं पोतं, असा वापर असेल तर दोन तृतीयांश अंतरावरच ऑइल काढलेलं बरं. आणि गाडी कितीही कमी चालो, वर्षाला एकदा तरी बदला. हंगाम पाहूनच बदलायचं तर पाण्याच्या पाळ्या संपल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी बदला. दिवाळीला नवं टाकून त्यात तीन महिने पाणी साठवण्यात अर्थ नाही.

पहाटे गाडी कशी सुरू करावी

कार्बोरेटरची गाडी असेल तर चावी बंद ठेवून तीन-चार किका सावकाश मारा. इंजिन मोकळं होतं, ऑइल थोडं वर चढतं. मग चोक पूर्ण ओढा, चावी लावा, एक्सलेटर न पिळता किक मारा. सुरू झाली की अर्ध्या मिनिटात चोक निम्मा करा आणि गाडी स्वतःच्या पायावर उभी राहिली की पूर्ण बंद. चोक विसरून गावभर फिरणं म्हणजे ऑइलात पेट्रोल ओतणं.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे, चोक नाही. त्यांना चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक 'झूं' आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद द्या, मग एक्सलेटरला हात न लावता बटन दाबा. एक्सलेटर पिळून फायदा होत नाही; थंडीत किती पेट्रोल सोडायचं ते गाडीतला छोटा संगणक सेन्सर पाहून ठरवतो.

दहा मिनिटं गाडी जागेवर फडफडत ठेवायची गरज नाही. अर्धं ते एक मिनिट पुरे. इंजिन तापतं ते चालवताना, उभं राहून नाही. निघा, पण पहिले दोन-तीन किलोमीटर हळू, इंजिन न ताणता. दूधवाल्यांची गाडी यात सगळ्यात जास्त मार खाते: पहाटे पाचला दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या, इंजिन गार, आणि पहिल्याच वळणाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण एक्सलेटर. पिस्टन आणि ब्लॉक अजून सारखे फुगलेले नसतात, ऑइल दाट असतं आणि भार पूर्ण. तेवढे दोन किलोमीटर एक गिअर खाली आणि हलक्या हाताने काढले तर रिंगांचं आयुष्य वाढतं. इंजिनाखाली पाचट-कागद पेटवून ऑइल गरम करायचा उद्योग मात्र करू नका. वर पेट्रोलची टाकी आहे.

एवढं करूनही सुरू होत नसेल तर ऑइलला सोडा आणि बॅटरीकडे बघा. गारठ्यात बॅटरीची ताकद उतरते आणि नेमकी तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मीटर लावा: १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा. बटन दाबताना व्होल्ट दहाच्या खाली कोसळत असतील तर बॅटरी गेली किंवा तिच्या टोकांवर गंज आहे. कोमट पाण्याने टोकं धुऊन, कोरडी करून, थोडं व्हॅसलिन लावलं की अर्धी भांडणं मिटतात. नंतर प्लग. स्प्लेंडरच्या प्लगची फट ०.८ ते ०.९ मिलिमीटर, झिजून ती वाढली की उन्हाळ्यात चालून जाते, थंडीत ठिणगी कमी पडते. त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. जास्त आवळलेला टॅपेट आवाज करत नाही म्हणून लोकांना बरा वाटतो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि गार इंजिन पेट घेत नाही. टॅपेट गार इंजिनावरच सेट करायचा. गाडी चालवत गॅरेजवर आणून लगेच हात घालणाऱ्या मिस्त्रीला तासभर थांबायला सांगा.

ऑइल काढताना आणि भरताना

थंडीत गार इंजिनाचं ऑइल काढू नका, निम्मा गाळ आतच राहतो. पाच मिनिटं गाडी चालवा, मेन स्टँडवर सपाट जागी लावा. स्प्लेंडरचा ड्रेन बोल्ट सतराच्या पान्याचा, इंजिनाच्या पोटाला. वरचं टोपण उघडा म्हणजे हवा लागून ऑइल भरभर उतरतं. धार थांबली की चावी बंद ठेवून पाच-सहा किका मारा, अजून थोडं येतं. दहा मिनिटं ठिबकू द्या. काढलेल्या ऑइलात चमकणारी धातूची पूड बोटाला जाणवली तर नवं ऑइल भरण्याआधी मिस्त्रीला दाखवा.

बोल्टचा वायसर नवा घाला. पाच-दहा रुपयांची वस्तू, पण जुना चपटा वायसर गळतो, मग तो थांबवायला बोल्ट जोर लावून आवळला जातो आणि अॅल्युमिनियमचे आटे जातात. हाताने पूर्ण बसवून मग पान्याने साधारण पाव फेरा. त्यापुढे ताकद दाखवायची नाही. स्प्लेंडरला बाहेरून बदलायचा कागदी फिल्टर नसतो. आत जाळी आणि गाळ फेकणारा फिरता फिल्टर असतो, तो क्लचच्या बाजूचं कव्हर उघडल्यावरच साफ होतो. बऱ्याच गाड्यांचं हे कव्हर वर्षानुवर्षं उघडलेलंच नसतं. बुलेटला कागदी फिल्टर आहे. तो ऑइलसोबत बदलायचा आणि रबरी रिंग जागेवर बसली का ते पाहायचं.

भरताना बाटली रिकामी करायची हा हिशेब चुकीचा. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना बदलताना लिटरपेक्षा कमी ऑइल लागतं. आधी ७०० मिली ओता, मग काडी बघत थोडं थोडं. गाडी तीन मिनिटं चालवून बंद करा आणि गारठ्यात पाच-सात मिनिटं थांबा. दाट ऑइल खाली यायला वेळ घेतं. घाईने पाहिलं तर पातळी कमी दिसते, माणूस अजून ओततो आणि ऑइल जास्त होतं. जास्त झालेलं ऑइल फेसाळतं, ब्रीदरवाटे एअर फिल्टरमध्ये जातं आणि गाडी दबून चालते. हिरो-होंडाच्या गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून बसवली तर काडी जास्त खोल जाते आणि आहे त्याहून जास्त ऑइल दिसतं.

सिंथेटिक घ्यावं का? थंडीसाठी म्हणून असेल तर नको. सिंथेटिक उणे तापमानातही वाहतं, पण ते उणे तापमान आपल्याकडे येतच नाही. त्याचा खरा उपयोग आपल्याला मे महिन्यात होतो, कारण ते उष्णतेने लवकर जळत नाही, घट्ट होत नाही. रोज शंभर-दीडशे किलोमीटर हायवे करणाऱ्या पल्सर-बुलेटवाल्याने जरूर घ्यावं. शेताच्या फेऱ्यांच्या स्प्लेंडरमध्ये महागडं ऑइल घालून त्यात तेच पाणी-पेट्रोल मिसळण्यापेक्षा साधं मिनरल दोनदा बदललेलं चांगलं. लडाखला उन्हाळी मोसमात जाणाऱ्यांनाही पुस्तकातलीच ग्रेड पुरते. भर हिवाळ्यात स्पितीला किंवा द्रासकडे जायचं असेल तर मात्र २०डब्ल्यू सोडून १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूचं एमए२ ऑइल इथूनच भरून निघावं. तिथं उणे वीसच्या गोष्टी असतात.

विकत घेताना सुट्टं, ड्रममधलं ऑइल स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. त्यात काय आहे ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं. बंद बाटलीच्या टोपणाची कडी अखंड आहे का, तोंडावरचं सील नीट चिकटलंय का, बॅच नंबर आणि तारीख खोडलेली नाही ना, एवढं दुकानातच बघा आणि पक्कं बिल मागा. ऑइल गॅरेजवर बदलून घेत असाल तर बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा.

काढलेलं जुनं ऑइल नालीत किंवा बांधावर ओतू नका. दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून ते फासायची रीत आहे, पण ते हाताला लागत राहणं आरोग्याला चांगलं नाही. हातमोजे घाला आणि लगेच साबणाने धुवा. उरलेलं डब्यात भरून गॅरेजवर द्या, तिथून ते जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे जातं. रिकाम्या बाटलीला मात्र टाकण्याआधी खिळ्याने भोक पाडा. धड बाटल्या भंगारातून पुन्हा भरणाऱ्यांच्या हाती लागतात, आणि नकली ऑइल त्याच बाटल्यांतून बाजारात येतं.